ओबी नंबर मागून घ्या : नैरोबीतल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या तयारीच्या बैठकीत मी पोलिसांचा आणि ठाण्यातल्या नोंदवहीचा (तिलाच इथे ओबी म्हणतात) विषय काढला होता. 'आधी वर्गणीचं उरकू, मग बघू' असं झालं. वर्गणीचं उरकलं, मखराचं उरकलं, मोदक किती लागतील यावर अर्धा तास गेला, आणि नऊ वाजल्याबरोबर सगळे गाडीच्या किल्ल्या शोधू लागले. उशीर झाला की वाटेत पोलीस अडवतात ना! म्हणजे पोलिसांविषयीची चर्चा पोलिसांच्याच धाकाने उठली. राहिलेलं आता लिहून पाठवते. मुद्दाम उघडं लिहितेय, म्हणजे 'आमच्यापर्यंत आलंच नाही' असं कुणाला म्हणता येणार नाही.

सुरुवात आपल्या गाड्यांपासूनच करते. माझ्या गाडीत सन-व्हायझरच्या मागे दोनशे शिलिंगच्या दोन नोटा कायम असायच्या. तुमच्याही असतात, मी पाहिल्यात. रस्त्यात पोलिसांची खिळ्यांची पट्टी दिसली की काच अर्धी खाली, चेहऱ्यावर हसू, लायसन्सच्या कार्डाखाली घडी घातलेली नोट. समोरचा म्हणतो 'चाय'. नाहीतर म्हणतो 'किटू किडोगो', काहीतरी छोटंसं. मी पहिल्यांदा इथे आले तेव्हा मला या 'चाय'ची गंमत वाटली होती. आपलं चहापाणी आपल्याआधीच इथे येऊन पोचलंय म्हणून. एकवीस वर्षं मी ते चहापाणी देत आले. कुठल्याही वहीत त्याची नोंद नाही.

ती गंमत कशी संपली ते सांगते. आमच्या कंपाउंडच्या गेटवर जे आस्कारी, म्हणजे पहारेकरी, आहेत, ज्यांना आम्ही सगळे म्झे (वडीलधारे) म्हणतो, त्यांचा पुतण्या मोबाइलची कव्हरं विकतो. जून २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात, नव्या करांविरुद्ध पार्लमेंटवर मोर्चा गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी, त्याला नंबरप्लेट नसलेल्या गाडीतून उचलून नेलं. म्झे दोनदा ठाण्यात जाऊन आले. दोन्ही वेळा 'उद्या या'. तिसऱ्या दिवशी ते माझ्या दाराशी आले. टोपी हातात. म्हणाले, 'ममा, तुम्ही नुसत्या बाजूला उभ्या राहा. मुहिंदी (भारतीय बाई) बाजूला असली की वही उघडतात.'

मी गेले. ठाण्याचं नाव लिहीत नाही, ते कुठलंही असू शकतं. भिंतीवर 'पोलीस बाँड मोफत आहे' अशी पाटी, खाली बाकावर बसलेली सात-आठ माणसं, आणि काउंटरवर ती वही. ऑकरन्स बुक. आपल्याकडच्या ठाण्यातली स्टेशन डायरी म्हणा. इथे सगळे ओबी म्हणतात. जाड, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली, लाल शाईने समास आखलेली. म्झे बोलत होते तोवर ती बंद होती. मी पुढे झाले आणि ती खरोखरच उघडली! साहेबांचं पेन चालेना, म्हणून माझं मागितलं. चार ओळी लिहिल्या, एका चिटोऱ्यावर नंबर लिहून दिला. पेन परत दिलं नाही, असो.

पुतण्या पाचव्या दिवशी पहाटे थिका रोडवर सापडला. चालत घरी आला. कुणी नेलं, कुठे ठेवलं, कशासाठी, हे कुठल्याच कागदावर नाही. त्या पाच दिवसांचा एकुलता एक पुरावा म्हणजे माझ्या पेनने लिहिलेल्या त्या चार ओळी. त्या दिवसापासून मला हा देश थोडा वेगळा दिसायला लागला, आणि आपण सगळे सुद्धा.

आपल्या गप्पांमध्ये नेहमी एक वाक्य येतं, 'अरे, आफ्रिकेत कायदा कुठला!' हे साफ चूक आहे. केनियात पोलिसांसाठी जेवढा कायदा आहे तेवढा आपल्याकडे नाही. २००७ च्या निवडणुकीनंतर जो हिंसाचार झाला, त्याची चौकशी न्यायमूर्ती फिलिप वाकी यांच्या आयोगाने केली. मृत १,१३३. त्यातले ४०५ गोळी लागून मेलेले. दंगलीत गोळ्या मुख्यतः कोणाकडे असतात हे काही वेगळं सांगायला नको. मग २००९ मध्ये न्यायमूर्ती रॅन्स्ली यांच्या समितीने दोनशेहून जास्त शिफारशी केल्या, आणि २०१० ची राज्यघटना आली तेव्हा पोलिसांसाठी त्यात स्वतंत्र कलमं घातली गेली.

त्यातलं २४५ वं कलम मी अलीकडे चार-पाच वेळा वाचलं. पोलीस महानिरीक्षकाला चार वर्षांची एकच मुदत, दुसरी नाही, म्हणजे पुढच्या नेमणुकीसाठी कुणाची मर्जी राखायला नको. मंत्र्याला धोरणाबद्दल आदेश देता येईल, पण अमक्याची चौकशी करा, तमक्याला उचला, ह्याला बढती द्या, असं कुणीही सांगायचं नाही. आणि मंत्री जो काही आदेश देईल तो लेखी असला पाहिजे. लेखी! घटना लिहिणाऱ्यांना तोंडी आदेश म्हणजे काय चीज असते ते नीट माहीत होतं. त्यांनी त्याच्या चटक्यांतच दिवस काढले होते.

त्यानंतर पोलिसांवर नजर ठेवायला आयपोआ हे स्वतंत्र प्राधिकरण आलं. कायदा २०११ चा, काम सुरू २०१२ मध्ये. पोलिसाच्या गोळीने कोणी मेलं किंवा जबर जखमी झालं तर पोलिसांनी स्वतःहून आयपोआला कळवायचं, हेही कायद्यात आहे. २०१७ मध्ये छळविरोधी कायदा झाला. ह्यातल्या एकेका गोष्टीवर आपण भारतात किती वर्षं काढली बघा. प्रकाश सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये सात निर्देश दिले, महाराष्ट्राने पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद कायद्यात आणली २०१४ मध्ये. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, त्याला मान्यता आजतागायत दिलेली नाही. केनिया त्याच वर्षी त्या करारात सामील झाला. तेव्हा नाक मुरडायचा अधिकार आपल्याला नाही.

शिवाय इथल्या पोलिसी वळणात आपल्याकडून आलेलंही बरंच आहे. इंग्रजांनी भारतीय दंडविधान उचलून पूर्व आफ्रिकेत लागू केलं आणि १९३० पर्यंत केनियात तेच चाललं. प्रजेला वठणीवर आणणारी ठाणी ज्या दुकानातून आली, त्या एकाच दुकानाची दोन गिऱ्हाइकं आहेत, आपण आणि हे.

मग एवढा कायदा असून अडतं कुठे? मला विचाराल तर वहीपाशी.

विली किमानी हे वकील. पोलिसाविरुद्ध तक्रार केलेल्या एका बोडाबोडावाल्याची, म्हणजे मोटारसायकल-टॅक्सीवाल्याची, केस लढत होते. जून २०१६ मध्ये नैरोबीजवळच्या मावोको कोर्टातून बाहेर पडले, आणि किमानी, त्यांचे अशील आणि टॅक्सीचालक, तिघंही गायब. आठवड्याभराने नदीत प्रेतं मिळाली. मधल्या काळात त्यांना एका पोलीस चौकीत डांबलं होतं, आणि त्याची ओबीत नोंद नव्हती. तिथून किमानींनी टिश्यू पेपरच्या तुकड्यावर चार शब्द लिहून बाहेर टाकले : माझ्या बायकोला कळवा, जीव धोक्यात आहे. तो तुकडा एका वाटसरूने उचलला. २०२२ मध्ये तीन पोलीस आणि एक खबऱ्या दोषी ठरले, २०२३ मध्ये एकाला फाशी आणि बाकीच्यांना २० ते ३० वर्षांची शिक्षा झाली. सरकारच्या वहीत जे नव्हतं ते टिश्यू पेपरवर होतं, असा हा खटला.

अल्बर्ट ओजवांगचं तर तुम्हाला आठवतच असेल. एकतीस वर्षांचा शिक्षक, समाजमाध्यमांवर लिहायचा. उपमहानिरीक्षकांच्या तक्रारीवरून जून २०२५ मध्ये त्याला होमा बे जिल्ह्यातल्या घरून उचललं, साडेतीनशेच्या वर किलोमीटर गाडीने नैरोबी सेंट्रल ठाण्यात आणलं, आणि ८ जूनला तो कोठडीत मेला. पोलीस म्हणाले, त्याने स्वतःच भिंतीवर डोकं आपटलं. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना डोक्याला मार, गळा दाबल्याच्या खुणा आणि अंगभर जखमा दिसल्या. ठाण्याच्या कॅमेऱ्याच्या चित्रणात फेरफार झाल्याचं आयपोआने सिनेटला सांगितलं. महानिरीक्षक डग्लस कान्जा यांना सिनेटपुढे माफी मागावी लागली. ठाण्याच्या प्रमुखासह काही जणांवर खुनाचा खटला आहे, तो कोर्टात ठरेल. मला त्यात टोचतं ते हे की इथे नोंद करणारं सगळं होतं, वही होती, कॅमेरा होता, आणि पहिला हात त्या नोंदीवरच पडला.

कोठडीतल्या मृत्यूंची चौकशी पोलिसांनी स्वतः करू नये म्हणून २०१७ मध्ये कॉरोनर सेवेचा कायदा मंजूर झाला. संशयास्पद मृत्यू झाला की स्वतंत्र अधिकारी जागेवर जाईल, प्रेत त्याच्या ताब्यात राहील, कारण तो ठरवेल. कायदा छापला गेला आणि वर्षानुवर्षं पडून राहिला. गणवेश मात्र बदलला. २०१८ मध्ये पोलीस निळे झाले.

आणि तोंडी आदेशांचं काय? २५ जून २०२५ ला, पार्लमेंटच्या मोर्चाला वर्ष झालं म्हणून पुन्हा लोक रस्त्यावर आले, माणसं मेली. दुसऱ्या दिवशी गृहमंत्री मुर्कोमेन यांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं की ठाण्याच्या जवळ येईल त्याला गोळी घाला, असं आम्ही पोलिसांना सांगितलंय. टीका झाल्यावर सारवासारव केली. ७ जुलैला, साबा साबाच्या (स्वाहिलीत सात-सात, १९९० च्या लोकशाही आंदोलनाच्या स्मरणाच्या) दिवशी, मानवाधिकार आयोगाच्या मोजणीप्रमाणे ३० च्या वर माणसं गेली. ९ जुलैला राष्ट्राध्यक्ष रुटो म्हणाले, दुसऱ्याचा धंदा जाळणाऱ्याला पायावर गोळी घाला. २४५ व्या कलमातला 'लेखी' हा शब्द ह्या दोन्ही भाषणांत कुठे बसतो, हे मला कुणी समजावून सांगेल का? त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये हंगामी महानिरीक्षकांनी कोर्टाचं समन्स एकदा नाही, अनेकदा धुडकावलं. कितेंगेलातून बेपत्ता झालेल्या तिघांचं प्रकरण होतं. न्यायमूर्ती मुगांबी यांनी त्यांना अवमानाबद्दल सहा महिन्यांची शिक्षा सुनावली, तर न्यायमूर्तींचाच पोलीस बंदोबस्त काढून घेतला गेला. चार वर्षांची अढळ मुदत म्हणाल, तर जाफेत कोमे दोन वर्षंही न भरता जुलै २०२४ मध्ये गेले, पहिले महानिरीक्षक किमायोही २०१४ मध्ये मुदतीआधीच गेले होते. आणि ज्या २५ जून २०२४ ला नैरोबीत पार्लमेंटसमोर गोळीबार चालला होता, त्याच दिवशी केनियाचे चारशे पोलीस कायदा-सुव्यवस्था आणायला हैतीत उतरत होते. असं कुणी नाटकात घातलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा अति झालं.

आता तुमचं उत्तर मला पाठ आहे. 'आपण पाहुणे. आपलं वर्क परमिट. आपल्याला काय करायचंय?'

ही भीती पोकळ आहे असं मी म्हणत नाही. ऑगस्ट १९८२ च्या बंडाच्या वेळी आशियाई दुकानं कशी लुटली गेली ते इथल्या जुन्या गुजराती घरांमधून अजूनही दबक्या आवाजात सांगतात. २५ जून २०२५ लाही शहराच्या मधल्या भागात दुकानं फुटली, त्यांत आपल्या ओळखीची होती. कुलूप लावून घरात बसलेल्या माणसाला रस्त्यावर पोलीस हवासा वाटतो, मलाही वाटला. पण तो पोलीस येतो का हेही बघा. ज्यांची दुकानं फुटली त्यांतल्या एकालाही विम्यासाठी ओबीचा उतारा सरळ मिळालेला नाही.

आणि पाहुणे म्हणाल, तर पिओ गामा पिंटो कोण होता? गोव्याच्या आईबापांचा नैरोबीत जन्मलेला मुलगा, शिकायला धारवाडला, नोकरीला काही काळ मुंबईत. इथे परत येऊन स्वातंत्र्याच्या लढ्यात पडला, इंग्रजांनी डांबला, आणि स्वातंत्र्यानंतर दीड वर्षाच्या आत, २४ फेब्रुवारी १९६५ ला, वेस्टलँड्समधल्या त्याच्या घराच्या फाटकाजवळ गोळ्या घालून मारला गेला. गाडीत मागे लहान मुलगी होती. स्वतंत्र केनियातला हा पहिला राजकीय खून मानतात. ज्या एकाला शिक्षा झाली, तो पस्तीस वर्षं तुरुंगात राहून २००१ मध्ये सुटला आणि मला बळीचा बकरा केलं असंच सांगत राहिला. वेस्टलँड्समध्ये आपण भाजी घ्यायला जातो, त्याच वस्तीतली ही गोष्ट आहे.

ती जुनी वाटत असेल तर जुलै २०२२ आठवा. बालाजी टेलिफिल्म्समध्ये अधिकारी राहिलेले झुल्फिकार अहमद खान, त्यांच्याबरोबर झैद किडवाई, आणि त्यांचा केनियन टॅक्सीचालक. रात्री मोंबासा रोडवरून गायब झाले. त्या प्रकरणावरून ऑक्टोबरमध्ये पोलिसांचं स्पेशल सर्व्हिस युनिट बरखास्त झालं, त्यातल्या पोलिसांवर खटले भरले गेले. तेव्हा आपल्या व्हॉट्सअॅप गटावर दोन दिवस मेसेजचा पाऊस पडला, तिसऱ्या दिवशी कुणीतरी हापूसच्या पेट्यांचा भाव टाकला. आणि त्या टॅक्सीचालकाचं नाव गटावर एकदाही कुणी लिहिलं नाही. मीही नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या बोलण्यात कधीच येत नाही, ती शिपायाची. पोलीस वसाहतींमध्ये एका खोलीत मधे चादरी टांगून दोन-दोन कुटुंबं राहत आली आहेत. पत्र्याच्या गोल झोपड्यांत दिवस काढलेले लोक आहेत. माजी सरन्यायाधीश मरागा यांच्या समितीने २०२३ मध्ये अहवाल दिला, त्यात पगार आणि घरांचा मुद्दा मोठा होता. खिळ्यांच्या पट्टीजवळ उभा असलेला पोरगा आपल्या दोनशेतले सगळे स्वतःकडे ठेवतो असंही समजू नका. वर हिस्सा जातो, हे तोही सांगतो आणि वरचेही नाकारताना फारसे ठाम नसतात. आपली नोट त्या शिडीला तेल लावते. ज्या शिपायाला वरचा हिस्सा गोळा करायची सवय लागली, त्याला वरून तोंडी आलेला दुसरा कुठलाही हुकूम नाकारणं जड जातं. मला हे दोन वेगळे रोग वाटत नाहीत.

तर माझं मागणं. मोर्चात चला असं मी म्हणत नाहीये. माझे गुडघे तसेही साथ देणार नाहीत. व्हायझरमागच्या नोटा काढून टाका एवढं म्हणतेय. पोलीस म्हणाला गुन्हा झाला, तर म्हणा लिहा, कोर्टात भरते. वेळ जातो, मला परवा दीड तास लागला, पण शेवटी त्याने सोडून दिलं, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतंच. ठाण्यात कुठल्याही कामाला गेलात, अगदी पासपोर्ट हरवल्याचं सांगायला, तरी ओबी नंबर घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. तुमच्या घरी काम करणारी बाई, ड्रायव्हर, आस्कारी, यांना ठाण्यात जायची वेळ आली तर बरोबर जा. आपण नुसते उभे राहिलो तरी वही उघडते, ही लाजिरवाणी गोष्ट आहे, पण आहे तोवर ती कामाला तरी येऊ दे. आपल्यात तीन वकील आहेत, एक पॅथॉलॉजिस्ट आहेत. कुणाचं तरी प्रेत शवागारात पडलेलं असतं आणि स्वतंत्र डॉक्टर लावायला घरच्यांकडे पैसे नसतात. मखराचं बजेट मी पाहिलंय, जास्त बोलत नाही.

कॉरोनर कायदा प्रत्यक्षात आणा, असं मंडळाच्या लेटरहेडवर पार्लमेंटच्या समितीला एक पानाचं निवेदन द्यायला काय हरकत आहे? इथल्या घटनेत जनतेचं म्हणणं ऐकून घेणं बंधनकारक आहे, आणि निवेदन द्यायला इथलं नागरिकत्व लागत नाही. ऑगस्ट २०२७ मध्ये निवडणूक आहे. ज्यांनी इथलं नागरिकत्व घेतलंय त्यांनी २०१७ मध्ये, आशियाईंना चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता मिळाली तेव्हा, पेढे वाटले होते. मत मागायला उमेदवार देवळात येतीलच. त्यांना ह्या कायद्याचं विचारा.

शेवटचं, म्झेंबद्दल. पुतण्याच्या प्रकरणात आयपोआला जबाब द्यायचं त्यांनी ठरवलंय. वर्ष उलटून गेल्यावर. घरात विरोध आहे, पुतण्या स्वतः घाबरलेला आहे, पण म्झे म्हणतात नंबर आपल्याकडे आहे ना. तो चिटोरा त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत, जमिनीच्या कागदांबरोबर ठेवलाय. गुरुवारी सकाळी नऊला आम्ही माझ्या गाडीने निघतोय. मागच्या सीटवर दोन जागा आहेत. येणाऱ्यांनी बुधवारी रात्रीपर्यंत मला फोन करावा, आणि ओळखपत्राची झेरॉक्स जवळ ठेवावी, गेटवर मागतात. पेन दोन आणा.

आपली,
पार्कलंड्समधली एक सभासद